दफ्तरखाना आणि फरासखाना

मराठी राज्यव्यवहाराच्या जुन्या याद्यांत अठरा कारखाने मोजलेले आढळतात. खजिना, जवाहीरखाना, अंबरखाना, तोफखाना, दारूखाना, पीलखाना, उष्टरखाना, शिकारखाना, अशी ही नावे आहेत. याच यादीत एक नाव दफ्तरखान्याचे आहे आणि दुसरे फरासखान्याचे. दफ्तरखान्यात राज्याचा कागद राहत असे. फरासखान्याकडे बैठकीच्या सतरंज्या, जाजमे, तंबू, कनाती आणि त्यांची निगा सोपवलेली असे. ज्या कागदावर लाखोंचा हिशेब लिहिला गेला तो कागद आणि ज्या जाजमावर बसून तो लिहिला गेला ते जाजम, ही दोन्ही एकाच यादीत आणि एकाच मानाने नोंदवलेली आहेत.

‘फरास’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी पसरण्याचा, अंथरण्याचा अर्थ आहे. जो अंथरतो तो फरास, आणि अंथरलेले झाडून, झटकून पुन्हा अंथरणे हे त्याचे रोजचे काम. अकबराच्या कारभाराचे वर्णन करताना अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त फराशखान्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पुण्यात शनिवारवाड्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या पोलीस ठाण्याला आजही फरासखाना म्हणतात. तेथून रोज जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच त्या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असेल. ‘दफ्तर’ शब्दाचा प्रवास याहूनही लांबचा आहे. ग्रीक भाषेत कातड्याला ‘डिफ्थेरा’ म्हणत. लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्यावरून तो शब्द फारसीत ‘दफ्तर’ झाला आणि वही, नोंदवही, कचेरी असे अर्थ घेत मराठीत येऊन शाळकरी मुलाच्या पाठीवरही बसला.

कचेरी स्वच्छ ठेवणे, तिच्यात धूळ साचू न देणे, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. लढाया येतात, तह येतात, कारभाऱ्यांचे डावपेच येतात. परंतु हे सारे ज्या कागदांवरून कळते ते कागद आपल्यापर्यंत पोहोचले, याचे श्रेय लिहिणाऱ्याइतकेच पुसणाऱ्याला आहे. जेथे ही दोन कामे एकमेकांजवळ राहिली तेथे कागद टिकला. जेथे त्यांच्यात अंतर पडले तेथे तो धुळीला मिळाला. हा वाक्प्रचार येथे शब्दशः खरा ठरतो.

धूळ कागदाचे नेमके काय करते, हे आधी पाहिले पाहिजे. धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तिच्यात वाळूचे कठीण आणि धारदार कण असतात, चुलीची आणि दिव्याची काजळी असते, कापडाचे तंतू असतात, बुरशीची बीजे असतात. कागद उलटताना हे कठीण कण दोन पानांच्या मध्ये घासले जातात आणि अक्षरांचा पृष्ठभाग खरवडतात. धूळ हवेतला ओलावा धरून ठेवते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा पासष्ट-सत्तरच्या वर गेली आणि काही दिवस तशीच राहिली, की त्या ओलाव्यात बुरशीची बीजे रुजतात. मग कसर येते, आणि जमिनीकडून वाळवी येते. आपल्याकडचा जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद खळ लावून आणि घोटून गुळगुळीत केलेला असे. त्यामुळे लेखणी सफाईने चाले. परंतु ती खळ हेच कसरीचे खाद्य. शाई बहुधा काजळ आणि डिंक यांची. ती उन्हाने उडत नाही, पण पाण्याने निघते. म्हणून ओल्या फडक्याने पुसावे तर अक्षर जाते आणि कोरड्या फडक्याने घासावे तर धुळीचे कण कागद खरवडतात. कागदाची स्वच्छता हे अंगण झाडण्यापेक्षा निराळे कसब आहे, ते यामुळेच.

त्यातही एक गमतीची गोष्ट आहे. कारकून आपल्या हातानेच कागदावर धूळ टाकीत असे. टीपकागद प्रचारात येण्यापूर्वी ओली शाई सुकवण्यासाठी तिच्यावर बारीक वाळू भुरभुरण्याची रीत होती. दौतीशेजारी वाळूची डबी असे. लिहून झाले की वाळू टाकायची, कागद तिरपा करून ती झटकायची आणि मग घडी घालायची. सगळी वाळू निघत नसे. आजही मोडी कागदाची जुनी घडी उलगडताना दोन-चार चमकते कण टेबलावर पडतात. लिहिणाऱ्याची घाई आणि काळजी या दोन्हींची खूण त्या कणांत राहिलेली असते.

लेखन आणि निगा ही दोन्ही एकाच शास्त्राची अंगे आहेत, हा विचार आपल्याकडे जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटल, म्हणजे हिशेबाची मुख्य कचेरी, कशी बांधावी हे सांगितले आहे. तिचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, बसण्याच्या जागा विभागलेल्या असाव्यात आणि नोंदींच्या पुस्तकांसाठी ठरलेली जागा असावी, असा तो नियम आहे. जिन्नस जेथल्या तेथे राहील अशी कचेरीची मांडणी हीच स्वच्छतेची पहिली पायरी, हे त्या नियमामागचे तत्त्व आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे वळणदार असावे, ओळी कशा सरळ असाव्यात हे सांगून ते थांबत नाहीत. पोथी बांधण्याची बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे यांचाही ते उल्लेख करतात. वळणदार अक्षराचा आग्रह धरणाऱ्याला मेणकापडाचा विसर पडला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पेशवाईतल्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर तिच्यात धुळीविरुद्धची व्यवस्था जागोजागी दिसते. पादत्राणे उंबऱ्याबाहेर राहत. रस्त्यावरची बहुतेक धूळ माणसाच्या पायांबरोबरच आत येते, म्हणून हा एकच रिवाज अर्धे काम करून टाकी. आत सतरंजी, तिच्यावर गादी, लोड आणि स्वच्छ चादर. पांढऱ्या चादरीवर डाग आणि धूळ लगेच उठून दिसते, आणि जे दिसते ते पुसले जाते. अंथरलेल्या वस्तू उचलून बाहेर झटकता येत असल्यामुळे धूळ कोपऱ्यात लोटण्याऐवजी बाहेर जाई. कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा मोठा चौकोन. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून चारही बाजूंनी कापड आत दुमडायचे आणि वरून गाठ मारायची. कापडातून हवा खेळे, म्हणून आतला कागद कोंदट होत नसे. धूळ मात्र कापडावरच अडे. रुमाल मळला तर तो धुता येई, फाटला तर बदलता येई. पावसाळा सरला की आश्विनातल्या कोरड्या हवेत दफ्तरे सोडायची, वारा द्यायचा आणि पुन्हा बांधायची. मधूनच वेखंडाचा तुकडा किंवा कडुनिंबाचा पाला ठेवायचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास दौत, लेखणी आणि वह्यांची पूजा होई. पूजेसाठी वही खाली काढावी लागे आणि खाली काढली की ती पुसली जाई. असा हा धर्माचार वर्षातून एकदा सफाईचेही काम उरकीत असे.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पुण्याचे हुजूर दफ्तर. रोजकीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद असे कागद येथे तयार होत आणि येथेच जतन होत. प्रत्येक गावचा वसूल, प्रत्येक इनाम, प्रत्येक नेमणूक यांची नोंद त्यांत असे. पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी या दफ्तराची चौकशी केली, तेव्हा १७२९ ते १८१७ या अठ्ठ्याऐंशी वर्षांचे कागद फडावरच्या कारकुनांनी मोठ्या इमानाने राखले होते, असे त्यांना दिसून आले. नाना फडणिसांच्या कारकीर्दीत या दफ्तराची घडी उत्तम बसली. दोनशेच्या आसपास कारकून तेथे काम करीत. नानांची ही नजर त्यांच्या खाजगी कागदांतही दिसते. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात त्यांचे दफ्तर राहिले आणि दत्तात्रय बळवंत पारसनिसांसारख्या संशोधकांना पुढे त्याचा लाभ झाला.

१८०० साली नाना गेले. त्यानंतरच्या अठरा वर्षांत काय घडले, हे त्याच चौकशीत नोंदलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची फार हेळसांड झाली. ज्यांचा अधिकार नव्हता अशा लोकांनाही कागदांपर्यंत जाता येऊ लागले आणि त्यांतले काही कागद त्यांनी नेले. दफ्तर विस्कळीत होण्याची रीत सगळीकडे सारखीच असते. आधी रुमाल उघडा राहतो. मग त्यातला एक कागद दुसऱ्या रुमालात जातो. मग कोणता कागद कोठे आहे हे सांगणारा माणूस नाहीसा होतो. जो कागद कोणाला सापडत नाही तो कोणी पुसत नाही, आणि जो पुसला जात नाही तो काही वर्षांनी वाचता येत नाही. राज्य बुडण्याआधी त्याची स्मृती बुडू लागते, आणि त्या बुडण्याचा कोणताही आवाज होत नाही.

१८१७ साली पुणे इंग्रजांकडे गेले. एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याकडे हे विखुरलेले कागद गोळा करण्याचे काम आले. इंग्रजांना त्यांची गरज इतिहासासाठी नव्हती. जमीन कोणाची, सारा किती, इनाम कोणाचे आणि कोणत्या सनदेने, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेतल्या इनामदारांना आपापले हक्क शाबीत करण्याची वेळ आली. एखाद्या घराण्याचे पिढ्यानपिढ्यांचे उत्पन्न आता एका सनदेवर अवलंबून राहिले. ती सनद घरातल्या माळ्यावर, पेटीच्या तळाशी, कसरीने चाळणी केलेल्या स्थितीत सापडली, तर दाद मागायची कशाच्या बळावर? सरकारच्या हाती हुजूर दफ्तर होते आणि त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून दाव्याचा निकाल लागत नसे. नीट राखलेला कागद कोणाच्या हाती आहे, यावर न्याय कोणाच्या बाजूने झुकेल हे ठरू लागले. या चौकशीने जो असंतोष माजला तो १८५७ च्या कारणांत इतिहासकार मोजतात. कागदावरची धूळ ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही, याचा याहून कठोर पुरावा मिळणे अवघड आहे.

पुढे हे दफ्तर पुण्यात १८९१ च्या सुमारास उभारलेल्या स्वतंत्र इमारतीत हलवण्यात आले. एलिएनेशन ऑफिस हे तिचे सरकारी नाव. लोक तिला पेशवे दफ्तर म्हणत. सुमारे पस्तीस हजार रुमाल आणि फायली तेथे राहिल्या. अभ्यासकांना तेथे सहजासहजी प्रवेश मिळत नसे. तेव्हा विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांसारख्या पुरुषाने गावोगाव हिंडून खाजगी वाड्यांतले कागद धुंडाळले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि खंडांची संख्या पुढे बावीसवर गेली. सरकारी दफ्तराचे दार गोविंद सखाराम सरदेसायांसाठी उघडले, ते जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. हजारो रुमालांच्या गाठी त्या काळात सोडल्या गेल्या. प्रत्येक गाठ सोडताना शंभर वर्षांपूर्वी ती नीट बांधणाऱ्या कोणा अनामिक कारकुनाचे काम पुन्हा एकदा उपयोगी पडत होते.

इंग्रजी अमलाबरोबर कचेरीचे रूप पालटले. बैठक गेली, मेज आणि खुर्ची आली. पायांत बूट ठेवून साहेब आत येऊ लागला आणि रस्त्यावरची धूळ त्याच्याबरोबर आली. टेबलाखाली, कपाटामागे आणि कपाटावर अशा जागा निर्माण झाल्या की जेथे झाडू पोहोचत नाही आणि नजरही पोहोचत नाही. छताला झालरीचा पंखा लागला. त्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून वजने आली. धूळ मात्र उडतच राहिली. रुमालाच्या जागी फीत बांधलेली फाईल आली. फीत कागद एकत्र धरते, परंतु त्याच्या कडा उघड्या ठेवते. नव्या कचेरीचे गुणही पुष्कळ होते. फाईल चटकन सापडे, टिपणावर टिपण चढे, विषयवार अनुक्रम लागे. पण रुमालाचे चार पदर जे काम मुकाट्याने करीत होते, ते आता कोणीतरी हाताने करणे भाग पडले.

हे ‘कोणीतरी’ कोण, याची एक साक्ष शब्दकोशात मिळते. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश प्रकाशित केला. त्यात दफ्तरीचे काम सांगताना कागदपत्रे झाडणे-पुसणे आणि बांधणे हे आधी येते. लेखण्या दुरुस्त करणे, कागदावर रेघा आखणे, लखोटे करणे ही कामेही त्याच्याकडेच आहेत. मराठी राज्यात दफ्तरदार हा मोठ्या मानाचा अधिकारी होता. नव्या कचेरीत त्याच शब्दाचे भावंड असलेला दफ्तरी हा तळच्या पायरीवरचा नोकर झाला. त्याच्याही खाली टेबल-खुर्च्या पुसणारा फरास, आणि त्याच्याही खाली झाडूवाला. या पायऱ्यांना आपल्या समाजातल्या जातिभेदाचा भक्कम आधार मिळाला. लेखणीचा हात झाडूला लागेना आणि झाडूच्या हाताला कागदाला शिवण्याची मुभा राहिली नाही. मधली जागा कोणाचीच नव्हती. कपाटाच्या माथ्यावर थरावर थर साचले ते याच मधल्या जागेत.

कागद फार झाले की त्यांची सफाईही होईना. १८६० साली सँडमन नावाच्या सिव्हिल ऑडिटरने कलकत्त्यात सरकारला सुचवले की, निरुपयोगी कागद नष्ट करून कचेऱ्या मोकळ्या कराव्यात आणि मोलाचे कागद एका मोठ्या मध्यवर्ती दफ्तरखान्यात हलवावेत. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवल्यावाचून केर काढता येत नाही, हे त्या हिशेबनिसाने अचूक ओळखले होते. त्या सूचनेतून कलकत्त्यात समिती नेमली गेली आणि अखेर ११ मार्च १८९१ रोजी इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले अध्यापक. मुंबई सरकारच्या जुन्या कागदांची व्यवस्था लावण्याचा अनुभव घेऊनच ते कलकत्त्याला गेले होते.

त्याच कलकत्त्यात १९०१ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. दिनशा वाच्छा अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी काही काम मिळावे म्हणून काँग्रेसच्या कचेरीत गेले आणि जानकीनाथ घोषाल यांच्या हाताखाली पत्रांचा साचलेला ढीग उपसू लागले. प्रतिनिधींच्या मुक्कामी शौचकूपांची दुर्दशा पाहून त्यांनी स्वयंसेवकांना विचारले, तेव्हा ते भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. गांधींनी झाडू मागवला आणि स्वतः सफाई केली. हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथेत सांगितला आहे. कारकुनाची लेखणी आणि झाडू ही दोन्ही एकाच माणसाने एकाच अधिवेशनात हाती धरली, एवढ्यापुरता हा प्रसंग कचेरीच्या इतिहासातही मोलाचा आहे.

योगायोग असा की, त्याच १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची यंत्रे धुळीवर हवा फुंकीत आणि ती दुसरीकडे उडवीत. कोरड्या केरसुणीचेही तसेच आहे. ती जमिनीवरची धूळ हवेत उडवते आणि तासाभराने तीच धूळ फळीवरच्या कागदांवर येऊन बसते. धूळ हलवायची नसून ती पकडून बाहेर न्यायची आहे, हे बूथने यंत्राने साधले. जाजम बाहेर नेऊन झटकणारा फरास तेच पूर्वीपासून हाताने साधीत होता.

१९११ साली राजधानी दिल्लीला नेण्याचे ठरले आणि मध्यवर्ती दफ्तरखान्यासाठी तेथे ल्यूटेन्सच्या आराखड्याप्रमाणे इमारत झाली. १९२६ मध्ये ती पुरी झाली आणि १९३७ पर्यंत कलकत्त्याचे सारे कागद तेथे आले. शत्रू मात्र बदलला. कलकत्त्यात दमटपणाने कागद पोखरला होता. दिल्लीत उन्हाळ्याच्या आंधीबरोबर राजस्थानची बारीक वाळू खिडकीच्या फटीतून आत येते. १९३९ साली या खात्याची सूत्रे डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे आली. हे सेन म्हणजे १९२३ साली मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे बंगाली विद्वान. पुण्याचे हुजूर दफ्तर कसे चाले आणि कसे विस्कटले, याचे विवेचन त्यांनी त्या ग्रंथात केले होते. ज्याने दफ्तराच्या नाशाची कथा अभ्यासली, त्याच्याच हाती साऱ्या देशाचे दफ्तर आले. त्यांच्या कारकीर्दीत, १९४० साली, कागदाच्या संरक्षणासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. १९४७ नंतर हेच खाते भारताचे राष्ट्रीय अभिलेखागार झाले.

अशा दफ्तरखान्यातले नियम साधे आणि कडक असतात. बाहेरून आलेला कागद थेट फळीवर चढत नाही. आधी मऊ ब्रशाने किंवा हलक्या ओढीच्या यंत्राने त्याची धूळ काढतात. ब्रश नेहमी मधून कडेकडे फिरवायचा, म्हणजे धूळ शिवणीत शिरत नाही. त्यानंतर बंद पेटीत धुरी देतात. बुरशीसाठी थायमॉल आणि किड्यांसाठी पॅराडायक्लोरोबेन्झीन यांचा वापर बराच काळ होत आला. फळ्या पोलादी, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच असतात. त्यामुळे खाली झाडता येते आणि वाळवीची वाट लगेच दिसते. जमीन कोरडी न झाडता दमट फडक्याने पुसतात. कागदाला मात्र पाणी लागू देत नाहीत. यांतला एकही नियम रुमाल बांधणाऱ्या जुन्या कारकुनाला परका वाटला नसता.

स्वातंत्र्योत्तर काळात कचेरीच्या सफाईकडे राज्यकारभाराचे अंग म्हणून पाहण्याचे काही प्रयत्न झाले. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जुन्या कागदांची वर्गवारी केली, निरुपयोगी कागद निकालात काढले आणि उरलेले हाताशी येतील असे लावले. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने तो प्रयोग देशभर ओळखला गेला. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांवर कागद जतन करण्याची आणि छाननी केल्याखेरीज ते नष्ट न करण्याची जबाबदारी टाकली. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्राने प्रलंबित कामे आणि निरुपयोगी फायली निकालात काढण्याची खास मोहीम हाती घेतली. सँडमनच्या सूचनेला तेव्हा एकशे एकसष्ट वर्षे झाली होती.

मधल्या काळात संगणक आला. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या संगणककक्षांत दारावरच पादत्राणे काढावी लागत, कारण फिरत्या तबकडीवरून तरंगत जाणारे वाचनशीर्ष आणि ती तबकडी यांतले अंतर धुळीच्या कणाहूनही कमी असते. बूट घालून आत आलेली कचेरी अशा रीतीने पुन्हा उंबऱ्यापाशी थांबली आणि पेशवाईतल्या फडाचा रिवाज तिने नव्या कारणासाठी स्वीकारला. जुन्या कागदांच्या प्रतिमा घेतानाही काचेवरचा एक कण प्रत्येक पानावर आपली रेघ उमटवतो. संगणकाने कागदाचे ओझे कमी केले. फरासाचे काम त्याने संपवले नाही.

फरासाचे नाव मात्र संपत आले आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली शिपाई, दफ्तरी, फरास, सफाईवाला ही पदे एकत्र करून त्यांना एकच इंग्रजी नाव देण्यात आले. नावांबरोबर पायऱ्या पुसल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण अनेक कचेऱ्यांत झाडलोट आता ठेक्याने होते. ठेक्यावरचा माणूस वर्षभराने बदलतो. कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि ज्याला ते ठाऊक आहे तो कारकून फडके हाती घेत नाही. तालुक्याच्या कचेरीतल्या त्या गठ्ठ्यांत कोणा शेतकऱ्याचा जुना फेरफार असतो, कोणाच्या जन्माची नोंद असते, कोणा विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद असतो. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या घराण्यांना जो प्रश्न पडला होता तोच प्रश्न या लहान माणसांना पडतो: कागद आहे काय, आणि तो वाचता येतो काय?

अठरा कारखान्यांच्या यादीत दफ्तरखाना आणि फरासखाना ही दोन नावे ज्याने लिहिली, त्याने कोणताही सिद्धांत मांडला नव्हता. त्याने राज्याला काय काय लागते एवढेच लिहून ठेवले. राज्याला हत्ती लागतात, दारूगोळा लागतो, धान्य लागते. त्याला लिहिलेला कागद लागतो, आणि तो कागद ज्या जागी आहे ती जागा रोज सकाळी झाडून, झटकून स्वच्छ करणारा माणूस लागतो. हत्ती आणि दारूगोळा केव्हाच गेले. कागद मागे राहिला आहे, आणि त्याच्यावर रोज धूळ बसते आहे.